उसना कान

पहिले वाद्य घ्यायची वेळ येते तेव्हा ते पारखणारा कान माणसापाशी नसतो. दोन वाद्ये समोर ठेवली असता एकाच्या तारेतली सूक्ष्म करकर आणि दुसऱ्याच्या लाकडातला मोकळेपणा जो वेगळा ओळखील, तो कान त्या वाद्याच्याच सहवासात, पुष्कळ वर्षांच्या रियाजातून हळूहळू घडणार असतो; वाद्य मात्र त्याच्या कितीतरी आधी, काहीच कळत नसताना, पैसे मोजून घरी आणावे लागते. गुरूच्या बाबतीतही असेच होते. उपनिषदांतला शिष्य हाती समिधा घेऊन ज्याच्या दाराशी उभा राहतो, त्याची योग्यता ठरवण्याचे ज्ञान त्याला त्याच दारातून आत गेल्यावर मिळायचे असते. ज्याची पारख करायची त्याच्याकडूनच पारख शिकायची, हा शिक्षणाइतकाच जुना पेच आहे, आणि तो सुटत नाही म्हणूनच माणूस काहीतरी उसने घेऊन आरंभ करतो: कुणाचा शब्द, कुणाचा विश्वास, कुणाचा कान.

धुळ्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याने बेस गिटार शिकायचे मनात घेतले तेव्हापासून मी या पेचाभोवती फिरतो आहे. साधी गिटार असती तर प्रश्न इतका अवघड नव्हता. ती आता जळगावात काय नि धुळ्यात काय, वाद्यांच्या दुकानात तबला-डग्ग्यांच्या, ढोलक्यांच्या आणि पेट्यांच्या शेजारी टांगलेली असते आणि तिचा आवाज मुलांच्या कानांत केव्हाच बसलेला असतो. बेस गिटार तशी सहसा टांगलेली नसते. ती मागवावी लागते. मुंबईहून, पुण्याहून, किंवा घरबसल्या नुसते चित्र पाहून, म्हणजे हात न लावता आणि न ऐकता. ऐकायला मिळाली तरी काय ऐकायचे हा प्रश्न उरतोच, कारण बेस हा गाण्यातला असा स्वर आहे की जो असताना जाणवत नाही आणि काढून घेतला की गाण्याखालची जमीनच निघून जाते. वर्षानुवर्षे ऐकलेल्या गाण्याची चाल आपण गुणगुणतो, त्याचा ठेका मांडीवर धरतो. त्या गाण्यात बेस काय करीत होता हे सांगू शकणारा श्रोता विरळा. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ हे नाव किती जणांना ठाऊक असेल? त्यांच्या बोटांखालून निघालेले स्वर मात्र खानदेशातल्या वरातींत, पानाच्या टपऱ्यांवर, एस. टी. स्टँडांवर दोन पिढ्या ऐकत आल्या आहेत.

भाच्याच्या आजीने, म्हणजे त्याच्या वडिलांच्या आईने, त्या वाद्याचे चित्र पाहून अहिराणीत विचारले, ‘‘याले चारच तारा? बाकीन्या दोन कोठे गयात?’’ प्रश्न मला फार योग्य वाटला. गिटारीला सहा तारा असतात हे त्या माउलीने पाहिले होते, आणि जे कमी दिसते त्याचा हिशेब मागण्याची तिची रीत होती. बेसच्या चार तारा म्हणजे गिटारीच्या खालच्या चार तारांचेच स्वर, एक सप्तक खाली उतरवलेले. वरच्या दोन तारा हरवलेल्या नाहीत. त्या दुसऱ्यांसाठी सोडलेल्या आहेत. वाद्यवृंदात बसून जो बेस वाजवतो त्याने आरंभीच काही जागा इतरांना देऊन टाकलेली असते, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ही देणगी आपण दिली आहे हे कळायलाही काही काळ जावा लागतो.

कित्येक बेसवादकांनी तर ही जागा निवडलेलीच नसते. ती रिकामी असते म्हणून ते तिथे बसतात. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये बीटल्समधला स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेकडे वळला, त्याची जागा घ्यायला कुणी उत्सुक नव्हते, आणि ती अखेर पॉल मॅकार्टनीकडे आली. त्याने तिथल्या दुकानातून घेतलेली होफनर कंपनीची बेस व्हायोलिनच्या आकाराची होती. घेण्याची कारणे दोनच: ती स्वस्त होती, आणि तो डावखुरा असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखाच आकार असलेले वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसणार नव्हते. स्वराचा विचार या निवडीत कुठेच नव्हता. पुढे जगातल्या असंख्य मुलांनी त्या आवाजाच्या ओढीने तेच वाद्य शोधले, म्हणजे एका तरुणाच्या रिकाम्या खिशाने आणि आरशातल्या रूपाने जे ठरवले त्यालाच नंतरच्या कानांनी सौंदर्य म्हटले. मला यात कानाचा पराभव दिसत नाही. कान उशिरा येतो आणि आल्यावर समोर असलेल्या वाद्याशी नाते जोडतो. ते जोडले गेले की जणू आपण आरंभापासून हेच शोधत होतो असे त्याला वाटू लागते. आपल्या आयुष्यातल्या पुष्कळ मोठ्या निवडींचा इतिहास असाच मागाहून लिहिलेला असतो.

याहून मला अधिक गुंतवून ठेवते ती लिओ फेंडरची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने १९५१ साली पहिली प्रिसिजन बेस बाजारात आणली. विजेवर वाजणारी, आडवी धरायची, फ्रेट असलेली बेस सिएटलच्या पॉल टुटमार्कने तीसच्या दशकातच करून पाहिली होती, पण ती रुजली नाही, फेंडरची रुजली. तोवर वाद्यवृंदातला खर्ज माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसवर वाजत असे, तिच्या दांड्यावर खुणा नसत, आणि अचूक जागी बोट पडायला वर्षे लागत. फेंडरने त्या दांड्यावर सतारीच्या पडद्यांसारखे फ्रेट बसवले, आणि फरक असा की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे असतात, हे कायमचे रोवलेले. ज्याने हे केले त्या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो वादकांना बोलावी, वाद्य त्यांच्या हाती देई, ते काय म्हणतात ते ऐके आणि पुन्हा कामाला लागे. म्हणजे आज जगभर नवशिक्यांच्या हाती असलेली बेस ज्या नमुन्यातून आली तो नमुनाही उसन्या कानांनीच घडवलेला होता. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे करणारे कारागीरही मैफलीत गाणारे नसतात, तरी जवारी लावताना घोडीवर कानशीचा हात कुठे थांबवायचा हे त्यांना कळते. कारागिराचा कान आणि कलावंताचा कान वेगवेगळ्या वाटांनी एकाच स्वरापाशी पोहोचतात, आणि त्या दोन वाटांच्या मध्ये वाद्य नावाची वस्तू असते.

बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, आणि हवेतली तिची एक लाट सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फुटांच्या आसपास लांब असते. ज्या खोलीत बसून मुलगा ती तार छेडणार ती खोली त्या लाटेहून लहान असते; स्वराची एक पूर्ण लाटही तिथे मावत नाही. त्याहून नवलाची गोष्ट मोबाइलची. त्याच्या इवल्याशा स्पीकरला इतकी संथ कंपने निर्माणच करता येत नाहीत. तिथून येतात ते त्या स्वराचे वरचे सोबती, आणि त्यांच्यातले सारखे अंतर ओळखून आपला मेंदू न वाजलेला मूळ स्वर स्वतःच उभा करतो. या भाच्याने बेस पहिल्यांदा ऐकली ती मोबाइलवर; म्हणजे ज्या स्वराच्या ओढीने तो वाद्य घ्यायला निघाला तो स्वर बाहेर कुठे नव्हताच, त्याच्या आतच रचला गेला होता. मी जेव्हा म्हणतो की नवशिक्यापाशी कान नसतो, तेव्हा मला थोडे थांबावे लागते ते इथे. न शिकवलेला, नकळत मूळ शोधणारा एक कान जन्मतःच आपल्यापाशी असतो. त्याला शब्द नसतात, पारख नसते, पण वरच्या खुणांवरून खालचा आधार ओळखण्याची विद्या त्याला कुणी द्यावी लागत नाही.

ही विद्या आपल्याकडे तंबोऱ्याने फार पूर्वी ओळखली. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि चौथी पितळेची खर्जाची तार: चारच तारा, आणि त्यांवर बोट दाबून वाजवायचे असे काही नाही. खर्ज नीट लागला, घोडीवरचे सूत योग्य जागी बसले की चारही तारांपैकी कुठलीही ज्या स्वरात लावलेली नाही तो गंधार त्या नादातून वर येतो. त्याला गवय्ये स्वयंभू गंधार म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोऱ्याच्या घोडीचा भौतिकीच्या अंगाने अभ्यास केला, त्याच्या आसपास तबल्या-मृदंगाच्या शाईतून उमटणाऱ्या स्वरसंगतीवरही लिहिले. पण गवय्याचे समाधान त्या गणिताने वाढत नाही, कमीही होत नाही. तो डोळे मिटून गंधार येण्याची वाट पाहतो आणि तो आला की गायला लागतो.

जळगावात हिवाळ्यात बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. पुढे बालगंधर्व झालेल्या नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला लहानपणी गाण्याचे धडे याच गावात, मेहबूब खान यांच्याकडे मिळाले होते, त्यामुळे त्या नावावर जळगावचा काही हक्क आहे असे आम्ही मानतो. अशा मैफलींत माझी नजर पुष्कळदा गायकाच्या मागे जाते. तिथे दोन शिष्य तंबोरे मांडीवर घेऊन बसलेले असतात. क्वचित गुरूने मान वळवली की एखादी ओळ म्हणतात, एरवी नुसते छेडत राहतात. प्रेक्षकांपैकी कुणी त्यांना ऐकायला आलेले नसते. तरीही त्या रात्री सभागृहात सर्वांत अधिक शिकत असतात ते तेच. आलापातला प्रत्येक स्वर षड्जापासून किती दूर गेला आणि कोणत्या वाटेने परतला, हे षड्ज हातात धरलेल्या माणसाला जितके कळते तितके समोर बसलेल्या जाणकारालाही कळत नसावे. आपल्या परंपरेने नवशिक्याला दिलेली पहिली जागा ही आहे: मागची, खालची, अखंड. पहाटे उठून मंद्र सप्तकात खर्ज भरण्याची साधना हीदेखील त्याच विचारातून आली. शाहिराच्या पाठीमागे तुणतुणे धरून उभा असलेला पोरगा, तमाशातला झीलकरी, कीर्तनकाराच्या मागचे टाळकरी, यांतूनच पुढचे शाहीर आणि बुवा निघतात. भाच्याने बेस निवडली तेव्हा घरातल्या काहींना वाटले की त्याने कमी महत्त्वाचे काहीतरी पत्करले. मला वाटले, त्याने अजाणता शिष्याची जागाच मागून घेतली.

अर्थात तंबोरा आणि बेस यांत एक मोठे अंतर आहे, आणि त्यावर मी बराच काळ विचार करीत राहिलो. तंबोरा तालाच्या बाहेर असतो. त्याच्या तारा आपापल्या गतीने फिरत राहतात, समेशी त्यांचे देणेघेणे नसते. गाणे काळातून वाहते आणि तंबोरा त्या काळाला तीर देतो. बेस मात्र काळाच्या आत उतरते. तिचा प्रत्येक स्वर ढोलाच्या थापेबरोबर, किंवा तिच्या केसभर आधी वा मागे पडतो, आणि त्या केसभर अंतरातच गाण्याचे चालणे, रेंगाळणे, धावणे ठरते. खर्जाचे काम आणि डग्ग्याचे काम एकाच हाताला करायचे असे हे वाद्य आहे. स्वर आणि लय इथे वेगळे उरत नाहीत. आमच्या सातपुड्यात हे मीलन कानांनी नव्हे, देहाने कळते. काठीच्या राजवाडी होळीला पहाडातल्या गावागावांतून लोक येतात, त्यांचे अजस्र ढोल घुमू लागतात, आणि तो नाद आधी छातीत, तळपायांत उमटतो. मग कानांना तो ओळखू येतो. लग्नाच्या मिरवणुकीत उभ्या केलेल्या स्पीकरांच्या भिंतीही देहालाच हाक घालतात, पण तिथे नाद माणसांना दटावतो. होळीच्या ढोलाभोवती माणसे त्याला पायांनी उत्तर देतात. खालचा स्वर किती मोठा असावा, याहून तो उत्तराला किती जागा ठेवतो हे मला मोलाचे वाटते.

म्हणून मी भाच्याला सांगितले, कानाचे राहू दे, आधी देहाला विचार. कानाचे ज्ञान उसने घ्यावे लागते, हाताचे नाही. पूर्ण लांबीच्या बेसवर घोडीपासून वरच्या नटपर्यंतची तार ३४ इंचांची असते, आखूड बांध्याची ३० इंचांची. मॅकार्टनीची ती होफनर आखूडच होती. दोन्ही हाती धरून वरच्या टोकाच्या चार फ्रेटवर चार बोटे पसरून पाहिली की हात लगेच आपले मत देतो. वजन साधारण चार किलोच्या घरात असते. पट्टा गळ्यात घालून उभे राहिले की खांदा थोड्याच वेळात बोलू लागतो, आणि दांडा सोडून दिला तर तो जमिनीकडे झुकतो का तेही दिसते. झुकत असेल तर डाव्या हाताला आयुष्यभर वाजवण्याबरोबर सावरण्याचेही काम करावे लागेल. आरंभीला पाच तारांचा मोह मला अनावश्यक वाटतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या, चार-पाच बटणांच्या वाद्यापेक्षा साधे, आवाजाचे आणि टोनचे बटण एवढेच असलेले वाद्य नवशिक्याला अधिक काही सांगते. स्वर बदलायचा तर बोट बदलावे लागते हे त्यावर लवकर कळते. बाकी पाहायचे ते लाकूडकाम. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली असता मधल्या भागात तिच्याखाली अगदी बारीक फट दिसावी. फार मोठी दिसली तर दांडा वाकलेला, मुळीच नसली तर तो पाठीकडे झुकलेला.

हे शेवटचे खानदेशात विशेष महत्त्वाचे. भुसावळ-जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांना जाऊन भिडतो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसते आणि फ्रेटच्या धातूची टोके कडेने तळहाताला टोचू लागतात. मग श्रावणात तेच लाकूड ओल पिऊन फुगते. दांड्याच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळी असते, तिची किल्ली पाव फेरा फिरवून हा ऋतुबदल आवरावा लागतो. वाद्य परदेशी घडणीचे असेल, त्याला हवामान इथलेच सोसावे लागते. आणि सर्वच काही परके नसते. ब्राझीलच्या रोजवूडच्या व्यापारावर १९९२ साली बंदी आली, आणि त्याच्या आधीपासूनच जगभरच्या गिटारींच्या दांड्यांवर भारतातला शिसव मोठ्या प्रमाणावर बसू लागला होता. २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या कुळावरच आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, वाद्ये अडकून पडली, आणि तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. सातपुड्याच्या रानात साग-अंजनाच्या सोबतीने शिसव उभा असतो. जुन्या वाड्यांतल्या पलंगांना, झोपाळ्यांना आणि देव्हाऱ्यांना ज्या जातीच्या लाकडाने काळेभोर गांभीर्य दिले, त्याच जातीच्या लाकडावर एखाद्या अमेरिकन मुलाची बोटे सरकत असतील, हा विचार मला सुखावतो.

नवी बेस आणि छोटा ॲम्प मिळून खर्च वीस-पंचवीस हजारांच्या घरात सहज जातो, आणि भाच्याच्या वडिलांची किराणा दुकानातली मिळकत बेताची. अखेर नाशिकला एका मुलाने काही वर्षे वाजवलेली बेस मिळाली. चार तारांची, पूर्ण लांबीची, साधी. ती पाहताना मला जे दिसले ते कोऱ्या वाद्यात कधी दिसले नसते. खालच्या दोन तारांखाली, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर, धातू झिजून बारीक खाचा पडल्या होत्या. वरच्या फ्रेटवर जवळजवळ काही नाही. तो अनोळखी मुलगा कोणत्या स्वरांवर जगला होता त्याची ती नोंद होती. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी दप्तरे पाहताना कागदाच्या घडीवर बोटांनी पडलेले डाग दिसतात, आणि मजकुराइतकेच ते डागही मला वाचावेसे वाटतात. इथेही तसेच वाटले. दुसऱ्याच्या हाताने वळलेले वाद्य घेणे म्हणजे त्याचा कानही थोडासा बरोबर घेणे. जेम्स जेमर्सन या थोर वादकाबद्दल सांगतात की तो आपल्या बेसच्या तारा तुटल्याशिवाय बदलीत नसे, त्या इतक्या उंच होत्या की इतरांना ते वाद्य वाजवणे कठीण जाई, आणि त्यावर तो उजव्या हाताचे एकच बोट चालवी. डेट्रॉइटच्या एका स्टुडिओत त्याने साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांना पाया दिला, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव छापले गेले ते १९७१ साली. चांगल्या वाद्याचे जे नियम आपण नवशिक्याला सांगतो ते बहुतेक त्याच्या वाद्याने मोडलेले होते. नियम खोटे ठरत नाहीत. ते ओळख होईपर्यंतच्या काळासाठी असतात एवढेच.

आग्रा रोडने एस. टी.तून ते वाद्य धुळ्याला आले. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळची वीज गेली, आणि ॲम्पवाचून बेस जवळजवळ मुकी होते हे भाच्याला समजले. मी त्याला सांगितले की हनुवटी वाद्याच्या वरच्या शिंगावर टेकव आणि मग तार छेड. लाकडातून जबड्यात, जबड्यातून कानात स्वर असा शिरतो की जगात दुसऱ्या कुणालाही ऐकू न येणारी बेस वादकाला संपूर्ण ऐकू येते. बहिरेपण वाढत गेलेला बीथोव्हेन पियानोचा नाद हाडांतून मिळवू पाहत असे, असे म्हणतात. त्याचे खरेखोटे काही असो, हाडांना ऐकता येते हे खरे आहे. त्या अंधारात भाच्याने बराच वेळ एकच तार वाजवली, असे त्याच्या आईने सांगितले.

पुढे त्याला सोबती मिळाले: एक कीबोर्ड वाजवणारा, एक ऑक्टोपॅडवाला, एक गाणारी मुलगी. पहिले कित्येक दिवस सगळेच एकाच वेळी वाजवीत आणि गाणे कुठेच पोहोचत नसे. पांझरेच्या काठी आजही फडाची शेती आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, एका फडात सगळ्यांनी त्या हंगामात एकच पीक घ्यायचे, आणि पाटकरी ज्या क्रमाने पाणी सोडील त्या क्रमानेच ते ज्याच्या त्याच्या शेतात पोहोचायचे. शेकडो वर्षे ही व्यवस्था कुणाच्या मालकीवाचून चालली. पाटकऱ्याच्या हातात पाणी असते, पण ते त्याचे नसते. बेसवादकाकडे गाण्याचा काळ असाच असतो. केव्हा सोडायचा, कुणाच्या शेतात आधी, कुठे थोडा अडवून धरायचा, हे त्याने ठरवायचे आणि पीक दुसऱ्याचे यायचे. हे त्या पोराला मी सांगितले नाही. त्याचे आजोळ पांझरेकाठचे आहे, आणि त्याने पाटावर उभे राहून हे लहानपणी पाहिलेले आहे. काही दिवसांनी ऑक्टोपॅडवाल्याचे हात आपोआप त्याच्या बोटांकडे पाहू लागले.

त्याच सुमारास गल्लीतल्या भजनी मंडळाने त्याला गुरुवारी बसायला बोलावले. पेटी, तबला, टाळ, आणि कोपऱ्यात छोट्या ॲम्पवर हलक्या आवाजात बेस. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले होते, कारण तिचे स्थिर स्वर आपल्या गायकीच्या श्रुतींना न्याय देत नाहीत असे मानले गेले. त्याच पेटीवाचून आज भजन उभे राहत नाही. तेव्हा बेसने इथे यावे यात मला काही अघटित वाटले नाही. पण एका रात्री त्याचा फोन आला. मोकळ्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, बोट न दाबता नुसते टेकवून छेडले असता दोन सप्तके वरून एक गंधार येतो, आणि चौथ्या फ्रेटवर बोट दाबून येणारा गंधार त्याच्याशी जुळत नाही, हे त्याला आढळले होते. मोबाइलवरचे ॲप दाबलेला गंधार बरोबर म्हणते आणि तारेतून आपोआप येणारा चौदा सेंटनी उतरलेला दाखवते. ‘‘मामा, बुवा गातात तो गंधार ॲपचा नाही, तारेचा आहे. मी कोणाचे ऐकू?’’

तो बोलत होता त्यात त्याने कुणाचाही आधार घेतला नव्हता. मी त्याला तंबोऱ्याविषयी सांगितले, सबंध सप्तकाचे सारखे बारा भाग पाडणाऱ्या पाश्चात्त्य तडजोडीविषयी सांगितले, आणि ती तडजोड नसती तर कीबोर्डवाल्या मित्राबरोबर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणे त्याला किती अवघड झाले असते तेही. त्याने ऐकून घेतले, मग म्हणाला की भजनात तो गंधार वाजवायचा सोडूनच देणार आहे. षड्ज-पंचम धरून बसेन, गंधार बुवांचा. मित्रांबरोबर मात्र फ्रेट म्हणतील तसे. मग थोडे थांबून त्याने विचारले, जॅको पास्टोरियस फ्रेट काढून टाकलेली बेस वाजवीत असे ना, तशी एक मिळेल का? मी म्हटले, मिळेल, पण मे संपू दे, लाकडाला एक उन्हाळा काढू दे. आणि ती घ्यायला जाऊ तेव्हा निवड तू करायची. मी बरोबर येईन, काही सांगणार नाही.